मिरानची मळमळ

मिरान तोंड पुसत न्हाणीतून बाहेर आली.

"झालं का नाटक?" सासूबाई म्हणाल्या. "सूप गार झालं."

शेवाळाच्या सुपाचा वास आला आणि तिच्या पोटात पुन्हा ढवळलं. लग्न होऊन या बेटावर आल्यापासून हे असंच चाललं होतं. दिवस गेले असतील म्हणून घर आधी हरखलं. तसं काही निघालं नाही. पलीकडच्या शहरात डॉक्टरांनी पोटात नळी घालून पाहिलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. जाता-येता ती होडीच्या तळाशी मेल्यासारखी पडून होती.

"डोंगरातली पोर," सासूबाई पुटपुटल्या.

दोक्सू, तिचा नवरा, जेवत राहिला. तो आईच्या शब्दाबाहेर नसे. बेटावर यायला-जायला घरच्या होडीशिवाय सोय नव्हती, आणि आईला खपत नाही म्हणून एकदा येऊन गेलेल्या मिरानच्या भावालाही त्याने पुन्हा कधी बेटावर आणलं नव्हतं.

मिरानने चमचा खाली ठेवला. "मला होडी चालवायला शिकवाल?"

सासूबाईंना हसू आवरेना. "जमिनीवर ओकते, आणि म्हणे होडी!"

"शिकेन, आई. तुम्हालाच मदत होईल."

सकाळी भाताची कोरडी खरपुडी चघळायची, जिभेखाली आल्याचा तुकडा ठेवायचा आणि निघायचं. आधी ती बांधलेल्या होडीतच बसून राही, गुडघ्यांत बादली धरून. मग दोक्सू तिला समुद्रात शेवाळ वाढवायला लावलेल्या जाळ्यांपर्यंत नेऊ लागला. ती होडीच्या काठावरून वाकायची, चूळ भरायची आणि पुन्हा सुकाणू धरायची.

"पुरे आज," दोक्सू म्हणे.

"अजून एक फेरी."

धक्क्यावर जाळं विणणारा म्हातारा शेजारी ओरडे, "सूनबाई, माशांना जेवण घातलंत का?"

"घातलं, काका. पोटभर!"

मळमळ गेली नाही. ती जाईल याची वाट पाहणंच मिरानने सोडून दिलं. पोट ढवळत असतानाच हात चालवायचे, हे तिने अंगवळणी पाडलं. थंडी सरता सरता ती एकटीने इंजिन सुरू करू लागली.

"धाकात ठेवली म्हणून सुधारली," सासूबाई बायकांना सांगत.

एका सकाळी दोक्सूच्या कमरेत उसण भरली. शेवाळ काढलं नाही तर सडणार होतं. सासूबाईंनी स्वतः होडीची किल्ली मिरानच्या हातात दिली.

"जमेल एकटीला?"

"जमेल, आई."

सून कशी तयार केली ते दाखवायला त्यांनी शेजारणींनाही धक्क्यावर आणलं. होडी जाळ्यांपाशी पोचली.

"आता वेग कमी करेल बघा," त्या म्हणाल्या.

वेग कमी झाला नाही. होडी जाळ्यांना वळसा घालून सरळ पुढे गेली. दोक्सू कमर धरून कसाबसा धावत आला, हाका मारू लागला. मिरानने मागे पाहिलं नाही.

पलीकडच्या बंदरात तिने होडी नीट बांधली. "मालक येईल न्यायला," असं सांगून किल्ली चौकीत दिली आणि डोंगराकडे जाणाऱ्या बसची चौकशी केली. बसला अवकाश होता.

शेजारच्या टपरीवर कुणी मासे तळत होतं. वास येताच तिने सवयीने नाकाला रुमाल लावला. मग हळूच काढला.

तिला सपाटून भूक लागली होती.