काश्यपगोत्री राजा

चौऱ्याहत्तर सालची सर्वपित्री अमावास्या. इतिहासाचे निवृत्त शिक्षक नृसिंह मास्तर पंचगंगेच्या घाटावर तर्पणाला बसले होते. आईवडील झाले, आजोबा झाले, बायको झाली.

"आणखी कोण?" त्र्यंबक गुरुजींनी विचारलं.

"लेव्हन. आर्मेनियाचा शेवटचा राजा. राणी आणि लेक कैरोत कैदेतच गेल्या. हा सुटला आणि पॅरिसात परक्यांच्या आसऱ्याला मेला. सहाशे वर्षं होत आली."

"तुमचा कोण लागतो?"

"कोणी न्हाय. पुस्तक लिहितोय त्याच्यावर. त्याच्या नावानं पाणी सोडायला कोणी उरलं न्हाय की."

मागं चार यजमान खोळंबले होते. गुरुजी वैतागले. "अहो, गोत्र काय म्हणू?"

"ते कुठल्याच पुस्तकात न्हाय."

"मग काश्यप." गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं, ही रीतच आहे. तिघांच्या नावानं पाणी सुटलं. पुढच्या वर्षी पुन्हा वाद नको, म्हणून गुरुजींनी नावं वहीत उतरवून घेतली.

पुढच्या सर्वपित्रीला मास्तर नव्हते. मूलबाळ नव्हतं, पुस्तकही अर्धंच राहिलं. घाटावरचे सगळे यजमान उरकल्यावर गुरुजी स्वतःच्या तर्पणाला बसले. घरची नावं संपली, तेव्हा त्यांनी वही उघडली. राजा, राणी, लेक, आणि मग नृसिंह मास्तर.

शेजारी धोतर पिळणारे अण्णासो ऐकत होते. "गुरुजी, मास्तर तुमचे कोण हो?"

"माझे कोणी न्हवंत," गुरुजी म्हणाले. "त्या राजाच्या घरचे."