डावीकडचा समास

"परत कापलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डीव्हीडी काउंटरवर ठेवली.

कॅसेटताईनं चष्मा कपाळावर चढवला. गल्लीत तिला सगळे याच नावानं ओळखत. कॅसेटी जाऊन जमाना लोटला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. जुन्या टेपांच्या आणि फाइलींच्या डीव्हीडी करून देणं हे तिचं काम, आणि एकच डीव्हीडी दोनदा परत यायची ही पहिलीच वेळ.

"मास्तर, इथं लावून दाखवली होती ना? अख्खं चित्र दिसत होतं."

"इथं दिसतं. घरी डावी बाजू गिळली जाते. मी हिला सांगितलं, दुकानात सगळं दिसलं. तर म्हणते, दुकानातलं राहू द्या, घरी दिसतंय का ते सांगा."

"काकूंच्या हातून काही सुटत नाही म्हणायचं."

"शाळेत तपासणीला साहेब यायचे, ते परवडले," मास्तर हसून म्हणाले.

चित्र जेमतेम दोन मिनिटांचं. अंगण, फळा, समोर सहा पोरं, आणि काळ्याभोर केसांचे मास्तर. आवाज टेपवरून केव्हाच उडालेला. शेवटी डाव्या कडेला ठिपक्यांच्या फ्रॉकमधली एक मुलगी येते आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. ती मास्तरांची मुलगी. त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचं हलतं चित्र काय ते एवढंच.

ते काकूंनी स्वतः टिपलं होतं. कॅमेरा उसना होता, टेप त्याच्याबरोबर परत गेली. ती गेल्या महिन्यात भाच्याच्या माळ्यावर सापडली आणि त्यानं तिची फाइल करून दिली. मुलीनं हलवलेला तो हात काकूंनी एकदाच पाहिला होता, तेव्हा, भिंगातून. आता घरच्या टीव्हीवर नुसतं कोपर येत होतं.

"तेवढ्या क्षणाचा मोठा फोटो काढून देऊ का? पैसे नकोत मला."

"फोटो घेऊन ती काय करील, पोरी?"

कॅसेटताईला ते पटलं. हलणाऱ्या हाताची सर फोटोला कुठून येणार?

"असं बघा," ती म्हणाली, "हे जुने डबा टीव्ही चित्र जरा फुगवून दाखवतात. मग कडा चौकटीखाली जातात. म्हणून मागच्या खेपेला मी चित्र थोडं लहान करून भोवती काळी पट्टी सोडली होती. टीव्हीनं पट्टी खावी, चित्र सोडावं. पण तुमच्या टीव्हीची भूक दांडगी आहे."

"म्हणजे समास." मास्तरांचा चेहरा उजळला. "पोरं वहीच्या पार कडेपर्यंत लिहायची आणि अक्षरं शिवणीत जायची. समास सोडा, समास सोडा म्हणून जन्मभर घसा कोरडा केला मी. आता तू सोड."

"सोडते. पण आणखी लहान केलं तर चेहरा बोटाच्या पेराएवढा होईल. चालेल?"

"होऊ दे. मला दिसला म्हणजे झालं."

मास्तर दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"फ्रॉकवरचे ठिपके पिवळे की केशरी गं?"

"पिवळे. का?"

"ही विचारते. मला रंगातलं कळत नाही."

"मग ठोकून द्यायचं काहीतरी."

"छे छे. माझं खोटं ती आवाजावरून पकडते. चाळीस वर्षांत एकदाही पचलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसेटताई स्वतःच मास्तरांच्या घरी गेली. लहान, मध्यम, मोठा, अशा तीन समासांच्या तीन डीव्हीडी तिनं सोबत घेतल्या होत्या. एक तरी लागू पडेलच.

काकू टीव्हीसमोरच्या खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या. "आलीस?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "चप्पल भिंतीशी लाव गं. वाटेत नको."

पहिल्या डीव्हीडीत कोपर आलं. दुसऱ्या डीव्हीडीत अर्धा चेहरा. कॅसेटताईनं तिसरी घातली आणि बाजूला उभी राहिली. मास्तर स्टूल ओढून पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले.

"अंगण," ते म्हणाले. "फळा. सहा पोरं. त्यातली दोन बोलताहेत, लक्ष नाही. मी फळ्यावर भागाकार घातलाय."

कॅसेटताईला हसू आलं. मास्तरकी काही सुटत नाही, ती मनात म्हणाली.

"डावीकडं?" काकूंनी विचारलं. त्यांचे हात थांबले होते.

"अजून नाही. थांब. आली." मास्तरांनी स्टूल डावीकडं सरकवलं. "अख्खी आली. फ्रॉकवर पिवळे ठिपके. एक वेणी सुटलीय."

"सुटणारच. सकाळी मला घट्ट घालू दिली नव्हती तिनं."

"हात वर केला. हलवतेय."

काकूंनी मटारचं ताट खाली ठेवलं. मास्तरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, टीव्हीपाशी आणलं, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा काचेच्या डाव्या कडेशी अलगद टेकवला.

"इथं," ते म्हणाले.

काकू तशाच उभ्या राहिल्या. डोळे उघडे, तोंड खिडकीकडे. कॅसेटताईनं त्या डोळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीशी लावलेल्या आपल्या चपलांकडे. चित्र संपून पडदा केव्हाच काळा झाला होता.

"अजून हलवतेय?" काकूंनी विचारलं.

"हलवतेय," मास्तर म्हणाले.