वाचण्यापुरता हक्क

मालन खुटवड शुद्धीवर आली तेव्हा ती माहिती कार्यालयाच्या खुर्चीत होती आणि तिचा घसा बसला होता. कारकून घाटपांडे तिच्या कपाळावरची स्मृतिपट्टी काढत होते.

"मी अहवाल वाचला?"

"पूर्ण वाचलात. कायद्याने तो वाचायचा हक्क तुम्हाला आहे, लक्षात ठेवायचा नाही. माहिती मिळाली म्हणून इथे सही करा."

जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची गळती होऊन तिचा नवरा गेला होता. त्या गळतीच्या चौकशीचा अहवाल बघायची मंजुरी मिळवण्यात तिची चार वर्षं गेली होती. आता त्यातला एक शब्दही तिला आठवत नव्हता. संताप मात्र उरला होता.

"माझा घसा कशाने बसला?"

"तुम्ही ओरडत होतात."

"कोणाच्या नावाने?"

घाटपांड्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. वाचणाऱ्याशेजारी बसणं हे त्यांचं काम होतं, आणि त्यांची आठवण कोणी पुसत नसे.

मालनने सहीचा कागद फाडला.

"मंजुरी वर्षभराची आहे. मी रोज येईन, रोज वाचेन, रोज ओरडेन आणि विसरून घरी जाईन. तुम्हाला मात्र रोज ऐकावं लागेल. बघू, किती दिवस गप्प बसवतं तुम्हाला."