दाराच्या जागी

“एवढीसुद्धा फट नको,” थोरल्याने करंगळीचं टोक दाखवलं. “इकडून तिकडचं काही दिसता कामा नये.”

रिकाम्या टाकीच्या पलीकडून धाकटा म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, आम्हालाही त्यांचं घर बघायची हौस नाही.”

ताई, म्हणजे टाकी बसवायला आलेली मुलगी, त्या वेळी दोघांच्या मध्ये, कंबरेपर्यंत टाकीत वाकून तळाची काच पुसत होती. समुद्रविज्ञान शिकून तिने शोभेच्या माशांसाठी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या बसवायचा धंदा काढला होता. मासेवाली म्हटलं की लोक भाव विचारत, म्हणून ती स्वतःला टाकीवाली म्हणवून घेई.

ही टाकी बसत होती ती मधल्या दाराच्या जागी. भावांनी घर वाटून घेतलं, रस्त्याकडे दोघांची वेगळी दारं झाली, आणि मधलं तेवढं उरलं. ते दार ठेवायला दोघे भाऊ तयार नव्हते, आणि “मी असेपर्यंत तिथे वीट लागणार नाही,” असं आईने बजावलं होतं. शेवटी धाकट्याच्या बायकोने तोडगा काढला: मासे. भांडण मुळात कशावरून, असं टाकीवालीने सहज विचारलं, तेव्हा दोघी जावांनी दोन वेगळीच कारणं सांगितली.

“दगड मी वरपर्यंत रचते,” ती म्हणाली. “पण सलग भिंत चालणार नाही. पाणी फिरलं नाही की दगडांमागे घाण साचते आणि मासे मरतात. मी भोकं ठेवीन, पण वाकडी. पाणी वळतं, नजर वळत नाही.”

“काहींची वळते हो,” थोरला म्हणाला. “मुळातच वाकडी असते.”

“त्यांना सांगा, घरात आरसा आहे म्हणून कळलं असेल,” पलीकडून उत्तर आलं.

टाकीवाली दगडांकडे वळली. पोवळ्यांचे जुने, वाळलेले दगड तिने हातात फिरवून बघितले. आतून पोखरलेले, दिसायला दांडगे आणि उचलायला हलके. मोठे दगड तिने थेट तळावर बसवले. वाळू नंतर. आधी वाळू घातली तर मासे ती उकरतात आणि अख्खा डोंगर कोसळतो.

काम करताना तिचं लक्ष सारखं धाकट्याच्या घरातल्या खिडकीकडे जाई. तिथे खुर्चीत आई बसलेली असे. गुडघे गेल्यापासून तिचा दिवस त्याच खुर्चीत जायचा. टाकीवालीशी ती एक शब्द बोलली नव्हती. थोरल्याने भावाचा उंबरा न ओलांडायची शपथ घेतली होती. आईला उठवत नव्हतं, त्याला ओलांडवत नव्हतं. घर वाटल्यापासून दोघांची भेट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायको आत गेलेली बघून थोरला हळूच जवळ आला.

“ताई, एक भोक सरळ राहिलं तर चालेल?”

“पाण्याला?”

“पाण्यालाच.” तो आपल्या स्टुलावर बसला, एक डोळा मिटला आणि बोट रोखलं. “इथे. आणि हे आपल्यातच राहू द्या.”

टाकीवालीने पलीकडे जाऊन त्या बोटाची रेघ मनातल्या मनात पुढे नेली. रेघ खिडकीजवळच्या खुर्चीपाशी पोचली.

ती तिथे उभी आहे तोवर धाकटाही घुटमळत आला. “दादाचं स्टूल आहे ना, त्याच्यासमोर एखादी कपार चुकून राहू शकते का?”

“चुकून?”

“तुमच्याकडून. माझ्याकडून नव्हे.”

“राहू शकते. मी अजून शिकाऊच आहे म्हणा.”

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. “आई बरी आहे, तेवढं त्याला दिसेल. पण मी बोललो म्हणू नका. डोक्यावर बसेल.”

टाकीवालीला आता कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. तिरकी नजर पाण्यात मोडते, म्हणून भोक काचेला अगदी काटकोनात हवं होतं. तिने चार दगड काढून पुन्हा रचले, थोरल्याच्या बाजूने बॅटरी लावली आणि पलीकडे डोकावून पाहिलं. उजेडाचा ठिपका आईच्या मांडीवर पडला होता. आईने ठिपक्याकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग वाळू घातली, मीठ मोजून पाणी भरलं. भरलं त्या दिवशी सगळं दुधासारखं गढूळ होतं. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं आणि थोरला स्टुलावरून हलेना.

“रिकाम्या टाकीत काय बघताय एवढं?” बायको म्हणाली. “मासे यायला अजून महिना आहे.”

“दगड बघतोय.”

पलीकडे धाकट्याने, कुणी न सांगता, खिडकीचा पडदा बाजूला सारला. आईच्या चेहऱ्यावर उजेड आला.

तिसऱ्या दिवशी टाकीवाली धाकट्याच्या घरात नळी गुंडाळत होती. आपल्या कामावर ती भलतीच खूश होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“पोरी,” मागून आवाज आला. “ते सरळ भोक तूच ठेवलंस ना?”

टाकीवाली लाजली. “हो आजी. पलीकडून तुम्ही अगदी स्वच्छ दिसता.”

“मलाही दिसतो तो. काल संध्याकाळभर बसला होता. वाळलाय.” म्हातारीने डोळे टिपले. “दोघांनीही सांगितलं असेल तुला. चोरून.”

टाकीवालीने मान डोलावली.

“बुजव ते.”

“आजी, अहो, मग तो तुम्हाला...”

“भोकातून भागलं, तर उंबरा कशाला ओलांडेल?” म्हातारी म्हणाली. “लाव तो दगड. मग येईल झक मारत दारातून.”