मच्छिंद्राचा मर्दानी फोटू

"लुगड्यातला फोटू मला नगं," द्वारकाबाई म्हणाली. "मला पोरगा पाहिजे. सून हाय माझ्याकडं."

जालन्याच्या फोटो स्टुडिओवाल्या मांगीलालनं फोटो परत घेतला. तो त्यानंच काढलेला होता. त्यात म्हातारीचा मच्छिंद्र नऊवारी नेसून, नाकात नथ घालून लाजत होता. नाटक कंपनीत तो नायिका व्हायचा. पुरुषाच्या कपड्यात त्याचा फोटो काढायचा नाही, असा मालकाचा हुकूमच होता. बघणाऱ्यांचा भ्रम मोडतो म्हणे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर कंपनी पुन्हा फिरू लागली, तसे मच्छिंद्र आणि त्याची बायको तुळजा दोघंही दौऱ्यावर गेले. तिथं पटकीची साथ आली आणि गावी तीर्थपुरीला परत आली ती एकटी तुळजा. कपाळ मोकळं, पदर नाकापर्यंत, रडून घसा बसलेला. आता म्हातारीनं अन्न सोडलं होतं. पोराचं तोंड दिसेल तेव्हाच घास.

मांगीलालनं म्हातारीला बाहेर ओट्यावर बसवलं आणि आत तुळजाकडे येऊन दार लोटलं.

"बाई, तुम्हीच बसा फोटोला. मिशी मी काढतो. म्हातारीला दिसतंय किती?"

"काय बी काय! न्हाई जमायचं," तुळजा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मंग मरू द्या उपाशी."

ती उठली. स्टुडिओत कोट एकच होता. जालन्यातले निम्मे नवरदेव त्यातच अमर झाले होते. पडद्याआड जाऊन तिनं तो चढवला, फेटा बांधला. मांगीलालनं काजळाची मिशी रेखली आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं.

कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. हा उलटा असूनही बाप्याच होता. मांडीवर हात, छाती पुढं.  मेलेला नवरा तिच्या अंगात आलाय, याबद्दल मांगीलालला शंका उरली नाही. त्यानं मनात हनुमानाचं नाव घेतलं आणि भुतालाही सांगितलं, "हलू नका." धंदा तो धंदा.

संध्याकाळी फोटो तयार झाला. तुळजा पुन्हा पदर ओढून सासूशेजारी ओट्यावर बसली होती. द्वारकाबाईनं फोटो अगदी डोळ्याला लावला. मिशीवरून बोट फिरवलं.

"बराबर. हाच," ती म्हणाली. "शेठ, घरात भाकर असंल का वं?"

मांगीलाल सुटल्यासारखा आत धावला.

म्हातारीनं फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि शेजारचा हात हातात घेतला.

"मच्छिंद्रा," ती हळूच म्हणाली, "माझ्या तुळजीला कुठं जाळलं, तेवढं सांग."