गाण्याआधीची मोजणी

इस्पितळाच्या मदतीसाठी निघणाऱ्या अल्बमची गाणी ती जुळवत होती. कुणी गॅरेजात, कुणी तळघरात वाजवणारे हौशी इंडी-पॉप बँड. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. सुरुवातीचं ‘एक, दोन, तीन, चार’ कापायचं तेवढं राहिलं होतं. चार म्हटलं की गाणं सुटायचं.

पण प्रत्येक गाण्याआधी मोजणारी बाई एकच होती. घोगऱ्या आवाजाची, अजिबात घाई नसलेली.

तिनं शेवटच्या बँडच्या गिटारवाल्याला फोन लावला. “तुमच्यात मोजतं कोण रे?”

“मोजतंय कोण, ताई! आम्ही दोघंच. मान हलवतो आणि सुटतो.”

तिनं फोन ठेवला, सगळ्या मोजण्या कापल्या, कॉम्प्युटर बंद केला, हेडफोन खुंटीला अडकवले.

ती दाराकडे वळली, तोच अगदी मानेमागून तो घोगरा आवाज आला.

“एक... दोन... तीन...”