तिसरं बटण

“आज पुन्हा आईला भेटून आले,” धाकटीने पावाला लोणी लावता लावता सांगितलं. ताईने चहाचा कप खाली ठेवला.

“कशी होती?” नको नको म्हणताना तिने विचारलंच.

“छान. तोच राखाडी स्वेटर, पाची तपकिरी बटणं लावलेली. हसत होती.” धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. त्या भिंतीवर आईचा फोटो होता. ताई तिकडे सहसा बघत नसे.

आईला जाऊन हिवाळा सरला होता. तिचं आजारपण सगळं ताईने काढलं. धाकटी दूरच्या शहरात एका कारखान्यात चष्म्याच्या काचा घासत होती, ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता ती ताईच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि सवडीने आईला भेटून यायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, ताईला वाटे.

भेटणं म्हणजे स्वप्नात. पण चुकून पडलेलं स्वप्न नव्हे. जागेपणातून थेट आत शिरायचं. शरीराला झोपू द्यायचं, आपण मात्र झोपायचं नाही. धाकटीने कुठल्याशा पुस्तकात वाचून ते साधलं होतं म्हणे.

त्या पाची तपकिरी बटणांनी ताईच्या जिवाला घोर लावला. दवाखान्यात असताना त्या स्वेटरचं तिसरं बटण हरवलं होतं. तपकिरी मिळेना, म्हणून ताईने काळं लावून दिलं. म्हणजे धाकटीसमोर आई ठणठणीत, नीटनेटकी येते. दुखणंखुपणं काय ते ताईच्या वाट्याला. तिचा नुसता जळफळाट झाला.

त्यात ताईला आईला एकच गोष्ट विचारायची होती. शेवटच्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, आणि उघडला तेव्हा आई गेलेली होती. आईने हाक मारली होती का? तेव्हापासून ताईने अंथरुणाला पाठ लावली नव्हती. बसूनच पेंगायची, दचकून उठायची. डॉक्टरांच्या गोळ्या तिने बेसिनमध्ये टाकल्या होत्या.

“मला शिकव,” ती शेवटी म्हणाली. धाकटीपुढे असं म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायचं काम चाले. मागच्या खोलीत आखूड करायला आलेल्या पडद्यांचा ढीग होता. जेवणाच्या सुट्टीत धाकटीने तो पसरला.

“उताणी झोप. अजिबात हलायचं नाही. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही.”

“आणि नेमकं तेव्हाच खाजतं.”

“खाजू दे. तू जागी आहेस का, हे शरीर बघत असतं. त्याला दाद द्यायची नाही. मग कानात गुणगुण होईल, अंग जड होईल. घाबरू नकोस. डोळ्यांपुढे जे येईल ते नुसतं बघत राहा. आत गेलीस की नाक चिमटीत धर. तरी श्वास चालू राहिला तर समज, पोचलीस.”

“बंद नाकातून श्वास? कसं वाटतं गं तेव्हा?”

धाकटी पडद्याची सुरकुती काढू लागली. “ते सांगून नाही कळायचं.”

हातचं राखून शिकवते आहे, ताईने ओळखलं. आई काय हिच्या एकटीची होती?

पहिले काही दिवस ताई नुसती खाजवत पडली. मग एका दुपारी जाग आली तर उन्हं कलली होती. धाकटीने दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं, फोनही बंद करून ठेवला होता.

“मेलं शरीर झोपलं आणि मीही झोपले!” ताई चिडून म्हणाली. “गिऱ्हाईकं परत गेली असतील.”

“जाऊ देत. उद्या पुन्हा बघू.”

धाकटीच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. आपलं फसलं की हिला बरं वाटतं! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. आता तर ती हट्टालाच पेटली. रोज दुपारी पडद्यांवर जाऊन आडवी व्हायची, आणि बहुतेक दिवशी घोरत पडायची.

असंच एकदा पडल्या पडल्या तिच्या कानात शिवणयंत्राच्या मोटारीसारखी घरघर सुरू झाली. अंग ढिगात रुतत गेलं. नाकाचा शेंडा खाजला, तिने खाजू दिला. डोळ्यांपुढचा उजेड हळूहळू स्वयंपाकघराची खिडकी झाला. तिने नाक घट्ट दाबलं. श्वास थंडगार, सरळ आत गेला.

टेबलाशी आई बसली होती. वाळलेली, राखाडी स्वेटरमधली. तिसरं बटण काळं.

“मी झोपले होते तेव्हा तू हाक मारलीस का गं?” ताईने विचारलं.

“नाही. तू झोपलीस म्हणून तर मला जाता आलं,” आई म्हणाली. “जागी असतीस तर सोडलं असतंस का मला?”

जाग आल्यावर ताई जिना चढून दुकानावरच्या घरात गेली तेव्हा तिचे डोळे ओले होते. पण मानेचा ताठा कायम होता. धाकटी टेबलाशी बसून भाजी चिरत होती.

“भेटले मी!” ताईने ठणकावून सांगितलं. “तुझ्यापुढे येत असेल नटून. माझ्यासमोर आई खरी आली, काळ्या बटणासकट.”

“कुठलं काळं बटण?”

“तिसरं. इतक्यांदा भेटतेस आणि तुला दिसलं नाही?”

धाकटीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत आई हसत होती. राखाडी स्वेटर, पाची बटणं तपकिरी. मग तिने हातातली सुरी खाली ठेवली आणि ताईला खुर्ची ओढून दिली.

“मला एकदाही जमलेलं नाही, ताई,” ती म्हणाली. “सांग ना, आई कशी दिसते?”